दडलेल्या ओळी आणि फलकावरील बेरीज



आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत तो वरकरणी कारकुनी वाटेल. परंतु त्याचा संबंध पंचायतीच्या फलकावर लागणाऱ्या कागदाशी आहे.

समजा, काजूच्या नुकसानीची एक यादी आहे. तीत पेडण्यातील हणखणे, चांदेल, इब्रामपूर येथील १२ आणि डिचोलीतील लाटंबार्से, मेणकुरे येथील १८ बागायतदार आहेत. संगणकावरील एकाच तक्त्यात या ३० ओळी असतात. तक्त्याच्या माथ्यावर ‘सर्व’, ‘पेडणे’, ‘डिचोली’ अशी तीन ऑप्शन बटने बसवावयाची. एकावर खूण केली की दुसऱ्यावरील आपोआप जाते, आणि जोडलेल्या चौकटीत १, २ वा ३ हा आकडा उमटतो. तो पाहून मॅक्रो, म्हणजे संगणकाला क्रमवार लिहून दिलेल्या आज्ञा, तालुक्याचा रकाना तपासतो व नको त्या ओळी दडवितो.

यातील पहिली आज्ञा ‘सर्व ओळी दाखव’ हीच असावी. ती नसेल तर पेडण्यानंतर डिचोली निवडताच पेडणे दडते, पण आधी दडलेली डिचोली उघडत नाही. तक्ता ओस पडतो आणि नोंदी पुसल्या गेल्या म्हणून कार्यालयात धावपळ होते.

खरा घोटाळा बेरजेत आहे. ‘सम’ हे सूत्र दडलेल्या ओळीही मोजते. छापील कागदावर नावे १२ दिसतात, रक्कम मात्र ३० जणांची. उरलेले पैसे कोणाला गेले, असे हणखण्याच्या शेतकऱ्याने विचारले तर तो वाकड्यात शिरला असे कसे म्हणावे? येथे ‘सबटोटल’ सूत्र वापरावे, तेही १०९ या क्रमांकाने. ९ हा क्रमांक फिल्टरने गाळलेल्या ओळी सोडतो, पण मॅक्रोने दडविलेल्या धरतो.

शिवाय दडविणे म्हणजे गुप्त ठेवणे नव्हे. बँक खात्यांचे क्रमांक असलेली फाईल बाहेर गेली, तर त्या ओळी कोणालाही क्षणात उघडता येतात. पेडण्याची यादी पाठवावयाची तर वेगळी प्रत काढावी. तीही केवळ दिसणाऱ्या चौकटी निवडून, अन्यथा दडलेल्या ओळी सोबत जातात.

२०२२ पासून एक्सेल इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो आपणहून रोखते. अशा वेळी बटनावरील खूण सरकते, ओळी हलत नाहीत. माथ्यावर ‘पेडणे’ आणि खाली मेणकुऱ्याची नावे! म्हणून तालुक्याचा रकाना, जागा वाचविण्याच्या मोहाने, छपाईतून वगळू नये.