कलकत्ता विद्यापीठाच्या संशोधनाचा हिशेब
(मंडळाच्या व्याख्यान कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आपल्या घराघरात विद्यापीठांच्या क्रमवारीचे कागद बाहेर निघतात. मग ठरलेले वाक्य ऐकू येते, "कलकत्ता विद्यापीठात आता काय राहिलंय?" मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, प्राध्यापक नव्हे. पण मोजमाप हा आमचा रोजचा धंदा आहे, म्हणून हा विषय घेतला.

आमच्याकडे गाडी वेळेवर आली की नाही हे वर्षानुवर्षे शेवटच्या स्टेशनावर मोजत आले. त्यामुळे वेळापत्रकातच शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटे ठेवलेली असतात. मधल्या स्टेशनावरचा माणूस तासभर फलाटावर ताटकळतो आणि कागदावर गाडी वेळेवर असते. आकडा खोटा नसतो, फक्त तो कुठे मोजला हे विचारायचे असते.

विद्यापीठाचे संशोधन कसे मोजतात? किती शोधनिबंध छापले आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, यावरून. २००५ मध्ये हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले तर इंडेक्स दहा. आपल्या सरकारची एन.आय.आर.एफ. ही क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात विद्यापीठांसाठी शंभरातले तीस गुण संशोधनाला आहेत, आणि निबंध मोजले जातात ते स्कोपससारख्या आंतरराष्ट्रीय सूचींमधून, तेही अलीकडच्या काही वर्षांचे. बंगाली-मराठीतले ग्रंथ या चाळणीतून जवळजवळ गळूनच पडतात.

आता या शहरातले विद्यापीठ बघा. स्थापना २४ जानेवारी १८५७, मुंबई विद्यापीठाच्या सहा महिने आधी. पहिली पन्नास वर्षे ते मुख्यतः परीक्षा घेत होते. संशोधन आणले ते कुलगुरू सर आशुतोष मुखर्जींनी. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या वकिलांनी लाखो रुपये दिले आणि १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. १९१६ च्या सुमारास आशुतोषबाबूंनी मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या विशी-बाविशीतल्या पोरांना तिथे शिकवायला घेतले. १९१७ मध्ये सरकारी हिशेबखात्यातली पक्की नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन पालित प्राध्यापक झाले. (आपल्यापैकी कोणी ऑडिट सोडून मास्तरकी धरली तर घरचे काय म्हणतील ते सांगायला नको!)

खरी गंमत पुढे आहे. १९२८ चा रामन परिणाम सापडला तेव्हा नोकरी विद्यापीठाची, पण प्रयोगशाळा बऊबाजारातल्या इंडियन असोसिएशनची. श्रेय कोणाच्या खात्यात? बोसांचा जगप्रसिद्ध निबंध १९२४ चा, पण तोवर ते ढाक्याला गेले होते. साहा अलाहाबादहून १९३८ मध्ये परतले, त्यांनी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून अणुभौतिकीची संस्था उभी केली, १९५० मध्ये तिचे उद्घाटन झाले. आज ती साहा इन्स्टिट्यूट म्हणून स्वतंत्र आहे आणि तिचे निबंध तिच्याच खात्यात जातात. म्हणजे विद्यापीठाने चांगले काम केले की त्यातून नवी संस्था निघते आणि विद्यापीठाचाच आकडा कमी होतो. घरातली कर्ती मुले वेगळी राहिली की जुन्या घराचे उत्पन्न कमी दिसते, तसेच हे.

सी. आर. राव १९४३ मध्ये इथून संख्याशास्त्रात एम.ए. झाले. पंचविशीच्या आसपास लिहिलेला त्यांचा एक निबंध १९४५ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत छापला गेला. संख्याशास्त्रातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, आणि त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. मधली ७८ वर्षे कोणत्या क्रमवारीत बसवणार?

आपल्याला जवळचे उदाहरण इतिहासाचे आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर १९१७ ते १९३६ या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक होते. अशोकावरचा त्यांचा ग्रंथ इथल्याच व्याख्यानांतून झाला. आणि उलट दिशेने बघा. सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली गृहस्थ इथे मराठ्यांचा इतिहास शिकवत. त्यांनी सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२० मध्ये विद्यापीठाने छापले. १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा ग्रंथ आला, १९२८ मध्ये लष्करी व्यवस्थेवरचा. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, चौथ-सरदेशमुखी यांविषयी इंग्रजीत लिहिणारा आजही सेनांना टाळून जाऊ शकत नाही. ज्या बंगालने भोसल्यांच्या स्वाऱ्या सोसल्या, जिथे आजही 'बोर्गी' म्हणून मुलांना झोपवतात, तिथल्या माणसाने आपल्या पूर्वजांची कागदपत्रे भाषा शिकून वाचली. मला तर हे कोणत्याही इंडेक्सपेक्षा मोठे वाटते.

पण नुसत्या जुन्या पुण्याईवर गाडी चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. राज्य विद्यापीठांना केंद्रीय संस्थांइतका पैसा मिळत नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि शंभराहून अधिक महाविद्यालयांच्या परीक्षांचे ओझे याच विद्यापीठावर असते. त्याचा परिणाम संशोधनावर होतोच. रामनांचे नाव सांगून आजच्या विभागाला सूट देणे मला पटत नाही. तसेच क्रमवारीत खाली आहे म्हणून सगळाच विभाग मोडीत काढणेही पटत नाही. एकाच इमारतीत एक खोली उत्तम असते आणि शेजारची झोपलेली असते. सगळ्यांची सरासरी काढली की दोन्ही दिसेनाशा होतात.

गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाच्या मुलीला राजाबाजारच्या सायन्स कॉलेजात एम.एस्सी.ला जागा मिळत होती आणि एका खाजगी विद्यापीठातही. तिचे वडील क्रमवारीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटले, "साहेब, हे संपूर्ण विद्यापीठाचे वजन आहे. तुम्हाला एका विभागाचे हवे आहे." ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांनी गेल्या पाच वर्षांत काय छापले? संदर्भ देणारे परके आहेत की आपापसातलेच? यंत्र चालू आहे की झाकण घालून ठेवले आहे? आधीचे विद्यार्थी कुठे गेले? मुलगी स्वतः दोन्हीकडे जाऊन हे विचारून आली. तिने राजाबाजार घेतले. हल्ली सकाळी शियालदाला उतरून चालत जाते.

तिच्या वडिलांचा तो कागद मात्र माझ्याकडेच राहिला आहे. ते आज इथे बसलेत, जाताना घेऊन जावा.