भुकेसाठी राखीव उत्पन्न

जर्मनीत रेगेन्सबर्गला डॅन्यूबवरच्या दगडी पुलापाशी तेराव्या शतकातलं सेंट कॅथरीन धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथं गरीब-आजाऱ्यांना आसरा आणि अन्न मिळे. खर्च भागे तो दानात मिळालेल्या जमिनींवर आणि संस्थेच्या बिअरवर (आपल्या कानांना हे खटकेल!). आज तिथं वृद्धाश्रम आहे आणि बिअर अजूनही बनते. दात्यांची लहर टिकत नाही, राखून ठेवलेलं उत्पन्न टिकतं. कुणी म्हणेल, एका शहराचा हा उपाय जगाला कसा पुरणार, आधी पीक वाढवा. पण संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. तुटवडा आहे तो गरिबाच्या खरेदीशक्तीचा. भुकेसाठी उत्पन्न राखून ठेवणं मोठ्या प्रमाणावरही जमतं, याला दाखला महाराष्ट्राचाच: १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागला, म्हणजे शहरी पगारातून खेड्यातली मजुरी निघू लागली.