खानेसुमारी आणि पूर्वजांची नावे



‘खानेसुमारी’, ‘शिरगणती’ आणि ‘जनगणना’ हे तीन शब्द अनुवादकापुढे एकाच अर्थाने येतात. पहिल्यात घरे मोजली जातात, दुसऱ्यात डोकी, तिसऱ्यात माणसे. नावाचा निर्देश एकातही नाही. जुन्या जनगणनेत पणजोबांचा शोध घेऊ इच्छिणाऱ्यांनी हे प्रथम ध्यानी घ्यावे.

इंग्लंडमध्ये १८४१ पासूनचे घरोघरचे तक्ते बहुतांशी जतन झाले असून शंभर वर्षांनी ते सर्वांस खुले होतात. आपल्याकडे कोष्टके सिद्ध झाली की मूळ कागद नष्ट करण्याची रीत पडली. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत माहिती गोपनीय ठरविली. हाती उरले ते आकडे.

झाशीच्या बाबतीत तेही अपुरे आहेत. १८५३ मध्ये कंपनी सरकारने वायव्य प्रांतात गणना केली, तेव्हा झाशी संस्थान खालसा व्हावयाचे होते. १८६१ मध्ये हे शहर शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांकडे परतले. म्हणून १८६५, १८७२ व १८८१ या वर्षांच्या वायव्य प्रांताच्या कोष्टकांत झाशी शहर नाही. १८५८ च्या संहारातून कोणती मराठी घरे वाचली, हे ती कोष्टके सांगू शकत नाहीत.

मग नावे कोठे शोधावी? त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. तेथे जाण्यापूर्वी घरातील वृद्धांकडून मूळ गाव, गोत्र व कुलदैवत विचारून घ्यावे, आणि मोडी वाचणारा सोबत असावा. एकच गाव गृहीत धरू नये. नेवाळकरांचेच पाहा : कोकणातील कोट, खानदेशातील पारोळे आणि मग झाशी.

वंशावळींतही एक मोठी उणीव राहते. त्यांत प्रामुख्याने पुरुषांचीच परंपरा असते. जनगणनेने स्त्रियांस निदान मोजले तरी. वंशावळीत कित्येकींना तेवढेही स्थान मिळाले नाही. शिवाय आपल्याकडे विवाहात नाव पालटते. या नगरीची राणीही माहेरी मणिकर्णिका होती. तेव्हा वह्यांची वाट न पाहता, आजी-पणजीची माहेरची व सासरची अशी दोन्ही नावे, माहेरच्या आडनावासह, आज घरी गेल्यावर लिहून ठेवा. सांगणारी व्यक्ती हयात आहे, तोवरच हे घडू शकेल.