दूरचे जवळ न आणणारा कॅमेरा



2019 साली निघालेला रिकोचा ‘जीआर थ्री’ हा कॅमेरा आम्ही संघटनेसाठी घेतला. वजन पाव किलोच्या आसपास, खिशात मावतो. भिंग रुंद नजरेचे, कायमचे बसविलेले. ते पुढेमागे करून दूरचे जवळ ओढण्याची सोय नाही.

एका कारखान्यात पट्ट्यावर जाळी नव्हती. आमच्या सोबत्याची बोटे गेली. आम्ही फाटकातून छायाचित्र घेतले, तर यंत्र ठिपक्याएवढे! मग आग्रह धरून आत गेलो, दोन पावलांवर उभे राहिलो. उघडा पट्टा, यंत्र, चालविणारा, सारे एकाच चित्रात आले. चित्र दाखविल्यावर जाळी बसली. बोटे मात्र परत आली नाहीत.

मंडळी, फाटकाशी उभे राहून कामगाराचे दुःख दिसत नाही. जवळ जावे लागते. आणि वेळेवर जावे लागते.