बुरुजाचा हिशेब कोण करतो?

मागच्या आठवड्यात लूकचा चौदावा अध्याय वाचला, तो अजून डोक्यातून जात नाहीये. बुरूज बांधायला निघालेल्या माणसानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं येशू म्हणतो. आता आपण यवतमाळची माणसं. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळं वहीत मांडतो. पण पाऊस कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि कापसाचा भाव? तरी मृग लागला की पेरतोच ना आपण!

शिष्यत्वाचं मला तसंच वाटतं. हिशेब करायचा, आणि तो अपुरा राहणार हेही धरून चालायचं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच बघा. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आपण उपदेशात किती वेळा ऐकली! पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंचं काय झालं, ते फार कमी वेळा ऐकतो. त्यांची संमती नव्हती. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. पदरात लहानगा दत्तू. माहेरच्या माणसांच्या आधारानं त्यांनी काही वर्षं काढली. म्हणजे किंमत टिळकांनी मोजली, खरंय, पण अर्धं बिल बाईंच्या नावावर फाडलं गेलं. मला टिळकांबद्दल अतिशय आदर आहे, तरी हे बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही.

पुढं त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळं सोडून नाही. ते हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचारानं सुटलं, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या मागं फरफटत नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ घरात नसेल तर आणा. आपल्या मंडळीबाहेरची माणसंही ते आवडीनं वाचतात, आणि आपल्याच पोरांना माहीत नसतं!

आणि टिळक? 1917 साली, छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनचा पगार सोडला. ‘देवाचा दरबार’ काढायचा होता. पुढं किती दिवस उरलेत, ठाऊक नव्हतं. 9 मे 1919 ला ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धंच राहिलं. ते पुढं नेण्यासाठी लेखणी कुणी उचलली? लक्ष्मीबाईंनी.

आपल्या गावातली युनियन बिब्लिकल सेमिनरी, 1953 ची, 1983 ला पुण्याला गेली. तिथून शिकून किती जण खेड्यापाड्यांत सेवेला गेले. त्यांच्या बायकांना, आईवडिलांना कुणी विचारलं होतं का, हे मला अलीकडे सारखं वाटतं.

तुमच्याकडं कुणी तरुण ‘मला पूर्णवेळ सेवेत जायचंय’ म्हणून आला, तर लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच्या घरी जा. चहा घ्या. स्वयंपाकघरात जी उभी असेल, तिलाही बाहेर बोलवा, आणि तिचं म्हणणं आधी ऐका.