सावडीची बाग

(ज्ञातिमंडळाच्या किन्हवली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वर्षाचा हिशेब वाचून झाला, आणि आता भोजनापूर्वीचा थोडा वेळ कार्यकारी मंडळाने माझ्या स्वाधीन केला आहे. भुकेल्या श्रोत्यांपुढे बोलणे कठीण असते. तथापि माझा विषय भाजीपाल्याचाच असल्यामुळे आपण मला सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

ठाणे येथील आपल्या वसतिगृहामागे मंडळाच्या मालकीची सुमारे सहा गुंठे जागा कित्येक वर्षे पडीक आहे. तेथे घाणेरीचे रान माजले आहे, आसपासच्या इमारतींचा राडारोडा येऊन पडतो, आणि वसतिगृहातील मुलांना त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. या जागेसंबंधी दोन सूचना मंडळापुढे आल्या आहेत. एक, ती मोटारगाड्या उभ्या करण्यासाठी भाड्याने द्यावी. दुसरी, ठाण्यातील आपल्या काही तरुणांनी व गृहिणींनी केलेली, की ती साफ करून तेथे सर्वांच्या श्रमाने भाजीपाल्याची बाग करावी. मी दुसऱ्या सूचनेच्या बाजूचा आहे. परंतु केवळ उत्साहाच्या भरात नव्हे, तर काही अटींवर. त्या अटी आपल्यापुढे मांडाव्यात, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकू या. आपल्याकडे एक म्हण आहे : बारभाईची शेती, काय लागेल हाती! सर्वांचे म्हणून जे असते, ते कोणाचेच नसते. पहिल्या रविवारी पन्नास माणसे कुदळफावडी घेऊन येतील, छायाचित्रे काढली जातील. चौथ्या रविवारी पाच येतील, आणि ज्येष्ठाच्या उन्हात पाणी घालावयास एकटा वसतिगृहाचा रखवालदार उरेल. हा आक्षेप खोटा नाही. सामुदायिक म्हणविल्या जाणाऱ्या पुष्कळ कामांचा शेवट असाच झालेला आपण पाहिला आहे.

परंतु त्याच पूर्वजांनी, ज्यांनी ही म्हण केली, सावडीची रीतही केली. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत राब भाजल्यापासून लावणीपर्यंतची कामे एका घराच्या बळावर उरकत नसत. पाऊस थांबत नाही आणि आवण वाट पाहत नाही. म्हणून आज चार घरची माणसे एकाच्या खाचरात उतरत, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या खाचरात. ज्याच्या घरून दोन माणसे आली, त्याच्याकडे दोन माणसे परत जावयाचीच. वही नव्हती, शाई नव्हती. परंतु कोणाची पाळी कोणाकडे राहिली आहे हे साऱ्या पाड्याला ठाऊक असे, आणि पाळी चुकविणाऱ्यास पुढच्या वर्षी कोणी हाक मारीत नसे.

बारभाईच्या शेतीत आणि सावडीत भेद कोणता, याचा विचार करा. माणसे तीच, जमीन तीच. बारभाईच्या शेतीत जमीन, श्रम आणि पीक ही तिन्ही एकत्र कालविलेली असतात. म्हणून श्रम कोणी केले आणि पीक कोणी नेले हे कळत नाही. सावडीत खाचर ज्याचे त्याचे राहते, पीक ज्याचे त्याचे राहते, आणि श्रम मात्र मोजून एकमेकांस दिले जातात. माझ्या मते सामुदायिक बागेचे सारे मर्म येथे आहे. बाग बियाण्याने जगत नाही, पाळीने जगते.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. जर्मनीतील लाइपझिग शहरात १८६५ साली मुलांना खेळण्यासाठी एक मैदान राखण्यात आले. श्रेबर नावाच्या एका दिवंगत डॉक्टरांचे नाव त्यास दिलेले होते. काही वर्षांनी गेसेल नावाच्या एका निवृत्त शिक्षकाने त्या मैदानाच्या कडेला मुलांकरिता वाफे करविले. मुलांचा उत्साह ओसरला आणि वाफ्यांत तण वाढले, तेव्हा आईबापांनी ते हाती घेतले. पुढे प्रत्येक कुटुंबाचा वाफा वेगळा झाला, कुंपणे झाली, आणि बाग टिकली. आज जर्मनीत अशा लक्षावधी लहान बागा आहेत आणि त्या डॉक्टरांच्या नावानेच लोक त्यांना ओळखतात. काम मात्र मूळ त्या शिक्षकाचे! माझ्या व्यवसायबंधूचा हा उल्लेख मी थोड्या अभिमानाने करीत आहे, त्याची क्षमा असावी.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या गोदीत, तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात, रोज सुमारे तीन हजार कामगारांचे अन्न शिजत असे. साहजिकच भाज्यांची देठे, साली, टरफले यांचे ढीग रोज निघत. २००२ साली तेथील उपाहारगृहाच्या अधिकारी श्रीमती प्रीती पाटील यांनी आपल्या सहकाऱ्यांसह याच कचऱ्याचे खत करून त्या इमारतीच्या गच्चीवर फळभाज्या व फळझाडे वाढविली. जेथे मातीचा कण नव्हता तेथे बाग उभी राहिली. पुढे त्यांच्या प्रयत्नांतून 'अर्बन लीव्हज्' हा स्वयंसेवकांचा गट निघाला, आणि माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही सामुदायिक बाग झाली.

या बागेमागील विद्या कोणाची होती? कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांची. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी आणि ती शेजाऱ्यास मोकळेपणाने द्यावी, या तत्त्वावर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यांच्या पद्धतीतील अमृतजलाची कृती इतकी सोपी आहे की वसतिगृहातील मुलेही ती करतील : दहा लिटर पाणी, एक लिटर गोमूत्र, एक किलो ताजे शेण आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ठेवून रोज ढवळावयाचे, आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरावयाचे. यात सुका पालापाचोळा चोवीस तास भिजवून, थोड्या मातीबरोबर थर रचून, वेळोवेळी उलथापालथ केली की काही महिन्यांत काळीभोर अमृतमाती तयार होते. ज्या पाचोळ्याला शहरात आग लावतात, ती वास्तविक माती आहे. फक्त तिला वेळ दिला पाहिजे.

तिसरे उदाहरण दूरचे आहे, पण त्यात आपल्या मंडळास एक इशारा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९७३ साली लिझ ख्रिस्ती नावाच्या बाईंनी व त्यांच्या सोबत्यांनी कचऱ्याने भरलेली एक ओसाड जागा साफ करून तेथे बाग केली. नगरपालिकेने पुढील वर्षी ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. तिचे पाहून शहरात शेकडो बागा झाल्या. परंतु बागांमुळे ज्या वस्त्या राहण्याजोग्या झाल्या, त्या वस्त्यांतील जमिनींचे भावही चढले. आणि १९९९ साली शहराच्या महापौरांनी शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावास काढल्या. लोकांनी मोठा विरोध केला, आणि अखेर दोन संस्थांनी त्या जागा विकत घेतल्या म्हणून त्या वाचल्या. तात्पर्य असे की, घाणेरीत असताना जी जागा कोणास आठवत नाही, ती साफ होताच सर्वांस आठवते. म्हणून बाग करणाऱ्यांना मंडळाने लेखी ठरावाने निदान पाच वर्षांची मुदत द्यावी. तोंडी आश्वासनावर कोणी आंब्याचे कलम लावू नये.

आता माझ्या अटी सांगतो.

पहिली अट पाळीची. सहापैकी तीन गुंठ्यांत चोवीस कुटुंबांना चोवीस वाफे द्यावेत. त्यांचे पीक त्यांचे. उरलेल्या तीन गुंठ्यांत शेवगा, कढीपत्ता, केळी, पपई व खताचे खड्डे असावेत. त्याचे पीक वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे. प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून दोन तास सामाईक भागात द्यावेत. चोवीस कुटुंबांचे आठवड्याला अठ्ठेचाळीस तास होतात, आणि तीन गुंठ्यांस तेवढे पुरेसे आहेत. पाळीची वही वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ठेवावी. लागोपाठ तीन पाळ्या विनाकारण चुकविणाऱ्याचा वाफा यादीतील पुढच्या कुटुंबास जावा, मग तो कार्यकारी मंडळाचा सभासद का असेना!

दुसरी अट मातीची. त्या जागेत विटा, चुना, जुना रंग असे बरेच काही पुरलेले आहे. जुन्या रंगात शिसे असते, आणि ते पालेभाजीतून मुलांच्या पोटात जाऊ शकते. म्हणून मातीची तपासणी झाल्यावाचून तेथे माठाची काडीही लावू नये. आणि शंका राहिल्यास विटांचे उंच वाफे करून त्यात बाहेरची माती भरावी. लोहमार्गाच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाज्यांबद्दल मुंबईत किती ओरड झाली हे आपण जाणता. आपल्या बागेबद्दल तसा एक शब्दही निघता कामा नये.

तिसरी अट पाण्याची, आणि ही मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. आपला शहापूर तालुका हा धरणांचा तालुका. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. मुंबईच्या जलाशयांतील साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसेत असतो, आणि ठाणे शहरासही भातसेचे पाणी जाते. इकडे चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातील गावपाड्यांवर आपल्या आयाबहिणी टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात. तेव्हा नळाचे पिण्याचे पाणी नळी लावून वाफ्यांत सोडणे आपल्या ज्ञातीस तरी शोभणार नाही. वसतिगृहात तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी रोज वाया जाते, ते वापरावे. शिवाय पावसाचा हिशेब करा : शंभर चौरस मीटर छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लक्ष लिटर पाणी होते. ते सर्व साठविता येणार नाही हे खरे. परंतु काही टाक्यांत आणि बाकीचे जमिनीत मुरविता येईल.

चौथी अट मनाची. वाफा मागणाऱ्याची ज्ञाती विचारू नये. शेजारच्या चाळीतील जो कोणी पाळी देण्यास तयार असेल, त्याचे नाव यादीत यावे. सावडीत पाण्याची खोली विचारतात, कूळ नव्हे. तसेच, बागेचा एक कोपरा रानभाज्यांकरिता राखावा. शेवळे, कर्टोली, टाकळा, कुरडू, भारंगी ही नावे आपल्या शहरातील मुलांस आता सांगावी लागतात. शेवळ्याची खाज काकडाच्या फळांनी जाते, हे ज्या घरात ठाऊक नाही तेथे शेवळे शिजत नाही, आणि शिजत नाही ते विस्मरणात जाते. यातील काही भाज्या शहरात रुजतील, काही रुजणारही नाहीत. रानाची सावली कुंपणात आणता येत नाही. पण हे ज्ञान मुख्यत्वे ठाकूर व कातकरी भगिनींचे आहे. त्यांस बोलवावे, सन्मानाने मोबदला द्यावा, आणि त्यांच्याकडून शिकावे.

आता भाड्याचा प्रश्न उरला. गाड्यांच्या भाड्यातून शिष्यवृत्त्या देता येतील, हे म्हणणे वजनदार आहे; मी जन्मभर शाळेत काढल्यामुळे शिष्यवृत्तीचे मोल मला कमी वाटत नाही. परंतु ती रक्कम वर्गणीने उभी करता येते. मोकळी जमीन वर्गणीने उभी करता येत नाही. एकदा तिच्यावर काँक्रीट पडले म्हणजे आपली मुले त्या शहरात राहतील, शिकतील, नोकरीस लागतील, पण त्यांच्या नखांत माती कधी जाणार नाही. आपली शेते महामार्गांत आणि वसाहतींत गेली. ज्यांनी ती विकली त्यांस मी दोष देत नाही, कारण गरज माणसास थांबू देत नाही. तथापि नांगर गेला तरी नांगर धरणाऱ्याची रीत राहू शकते, आणि ती राखणे आपल्या हाती आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, भोजनोत्तर सभेत हा ठराव मतास टाकावा : पाच वर्षांची लेखी मुदत, चोवीस वाफे, पाळीची वही आणि दरवर्षी या मेळाव्यात बागेचा हिशेब. पाच वर्षांनंतर वहीत पाळ्या कोऱ्या दिसल्या, तर जागा खुशाल भाड्याने द्यावी. त्या वेळी मी हयात असलो तर ठरावाच्या बाजूने हात वर करीन. परंतु वही भरलेली दिसली, तर पुढची मुदत मागण्याची पाळी बागेवर येऊ देऊ नये. मंडळाने ती आपण होऊन द्यावी.