‘रन’ आणि आपलं ‘चालणं’

मागच्या काही भागांत आपण मोठमोठे शब्द घेतले. आज एकदम साधा घेऊ. रन. आर, यू, एन. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातला शब्द. अर्थ विचारला तर कोणीही सांगेल, धावणे. बरोबर आहे. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका क्रियापदावर काम केलं, तेव्हा त्यांना नऊ महिने लागले आणि अर्थ निघाले ६४५. २०११ मध्ये याची बातमी झाली होती.

आता ६४५ अर्थ पाठ करणार का? मी तर नाही करणार बावा. आणि गरजही नाही.

आधी क्रिकेट बघा. दोन बॅट्समन खेळपट्टीवर पळाले, एक रन झाला. हा शब्दशः अर्थ झाला, पाय खरंच पळाले. मग चौकार जातो. कोणी पळत नाही, दोघं मध्ये उभे राहून ग्लोव्हज ठोकतात, तरी चार रन. पळणं गेलं, हिशेब राहिला. म्हणजे लाक्षणिक अर्थ काय असतो हे आपण गल्लीत टेनिस बॉलवर शिकलो होतो, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. शकुंतला. अमरावती-अकोल्याकडच्या श्रोत्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर, आणि तिथून पुढे कारंजा, दारव्हा करत यवतमाळ, अशी ही नॅरोगेज गाडी. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनवर आणायला बांधलेली. आता ती बंद आहे. पण ‘रन’ शिकायला तिच्यासारखा मास्तर नाही. चार वाक्यं करू.

पहिलं, द ट्रेन रन्स. गाडी धावते. आता शकुंतला धावायची म्हणणं म्हणजे जरा जास्तच. यवतमाळ ते अचलपूर साधारण १९० किलोमीटर, आणि वेळ जवळपास २० तास. सायकलवाला पुढं जाईल. तरी इंग्रजीत ती ‘रन’च करते. म्हणजे वेगाशी संबंध नाही, ठरलेल्या मार्गावर सुरू असण्याशी आहे.

दुसरं, द लाइन रन्स थ्रू दर्यापूर. इथं तर काहीच हलत नाही. रूळ जागेवर पडलेत. मराठीत आपण म्हणतो, लाइन दर्यापूरवरून ‘जाते’. आपल्याकडे रस्ता जातो, इंग्रजीत तो पळतो. एवढाच फरक.

तिसरं, सेंट्रल रेल्वे रॅन इट. लाइनची मालकी एका खासगी कंपनीची, स्वातंत्र्यानंतरही तिचीच राहिली. पण गाडी चालवायची मध्य रेल्वे. इथं रन म्हणजे कारभार चालवणं. शाळा रन करणे, दुकान रन करणे, त्यातलंच.

चौथं, द इंजिन रॅन फॉर सेव्हन्टी इयर्स. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या लाइनवर १९२३ ला लागलं आणि १९९४ पर्यंत ओढत राहिलं. सत्तर वर्षं चाललं.

आता लक्षात आलं का काही? एकदा ‘धावते’, एकदा ‘जाते’, आणि दोनदा आपण मराठीत काय म्हणालो? चालवायची. चाललं. इंग्रजी माणूस जिथं पळतो तिथं मराठी माणूस बहुतेक वेळा चालतो. मशीन चालते, दुकान चालतं, नाटक चालतं. आम्ही कोड लिहितो तिथंही तेच. प्रोग्राम रन कर, म्हणजे चालव. दोन्ही भाषांनी पायांचीच क्रिया उचलली आणि ‘एकदा सुरू झालं की सुरू राहणं’ यासाठी वापरली.

आता हे सगळं कशासाठी? तर आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात मराठी शाळेत शिकला, कामात वाघ. त्याला क्लायंटचा मेल आला: वी आर रनिंग लो ऑन डिस्क स्पेस. त्यानं वाचलं, रनिंग लो, म्हणजे मंद चाललंय. त्यानं सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि कळवलं, आता नीट चालतंय. रात्री डिस्क भरली आणि काम थांबलं. जुन्या लॉग फाइल काढून दोन तासांत सुरू झालं, नुकसान मोठं नव्हतं. पण त्यानंतर तो मीटिंगमध्ये बोलेनासा झाला. म्हणे, माझं इंग्रजीच कच्चं आहे दादा.

मी त्याला विचारलं, उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी कसं होते? तो म्हणाला, कमी होत चालते. अरे, मग झालं की! रनिंग लो म्हणजे ‘कमी होत चाललंय’. पाण्याला पाय नाहीत, तरी ते ‘चाललंय’. रनिंग आउट, संपत चाललंय. रनिंग ड्राय, आटत चाललंय. रनिंग लेट याला ‘उशीर होत चाललाय’ म्हटलं तरी भागतं. इथं कोणी धावत नाही आणि काही सुरूही होत नाही. एखादी गोष्ट हळूहळू एका अवस्थेकडे सरकतेय, एवढंच. आणि हे नेमकं दाखवायला मराठीतही ‘चालणे’च येतं. हे वळण त्याच्याकडे शाळेत जायच्या आधीपासून होतं. शब्दाला चित्र मात्र एकच जोडलेलं होतं, पळणाऱ्या माणसाचं.

आता उलटी बाजू, कारण नुसतं जुळवत गेलो तर फसू. आपलं ‘चालेल’ इंग्रजीत पळत नाही. उद्या चार वाजता भेटू? चालते नं! इथं ‘इट विल रन’ म्हटलं तर समोरचा बघत राहील. तिथं ‘दॅट वर्क्स’ म्हणायचं. म्हणजे इथं ते लोक काम करतात आणि आपण चालतो. तसंच रंग जातो तेव्हा इंग्रजीत कलर रन होतो, पूर्णा वाहते तेव्हा रिव्हर रन होते, आणि सर्दी झाली की नाक. या तिन्हींत पातळ काहीतरी पसरतंय किंवा वाहतंय. तीनचं एक चित्र झालं.

म्हणून माझी पद्धत अशी. नवा अर्थ भेटला की कोशातली यादी नंतर. आधी विचारायचं, इथं खरंच काय हलतंय? मग, आपल्या घरी याला काय म्हणतात? बरेचदा आईच्या तोंडी तो शब्द असतो. मराठी शाळेतून आलेल्यांना आपण सांगतो, इंग्रजीत विचार करा. मी म्हणेन, मराठीत नीट विचार करा, अर्धं काम तिथंच होते.

या आठवड्याचा गृहपाठ: ‘ब्रेक’ हा शब्द घ्या. कप, नियम, बातमी आणि उपास. कोणकोणत्या ठिकाणी आपण ‘मोडणे’च म्हणतो आणि कुठे दुसरं काही, ते लिहून काढा. मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.